एक तृतीयांश शेवंताबाई

मानवजातीच्या इतिहासात क्रांत्या तीनच झाल्या, असं आरोग्यमंत्री बोरखेडीच्या ग्रामपंचायतीपुढे उभे राहून म्हणाले. पहिली अग्नीची, दुसरी चाकाची आणि तिसरी आज, या मंडपात. आजपासून औषध मुंबईचं नाही, जिल्ह्याचंही नाही. ज्या गावाचं दुखणं, त्या गावाचं औषध. टाळ्या झाल्या. पाडव्याचं ऊन टाळक्यात बसत होतं, मंत्र्यांचं डोकं ठणकायला लागलं होतं. नुकतीच फीत कापलेल्या यंत्राकडे वळून त्यांनी हसत हसत एक डोकेदुखीची गोळी मागितली. यंत्र अतिशय सुसंस्कृत बाईच्या आवाजात म्हणालं, की या गावात डोकेदुखीची मागणी आजवर नोंदलेली नाही. आपली मागणी नोंदवली आहे, धन्यवाद. मग मंत्र्यांनी ड्रायव्हरच्या खिशातली गोळी घेतली आणि चौथ्या क्रांतीला पुढच्या गावी निघून गेले.

योजनेचं नाव होतं 'गावचं औषध, गावाच्या हाती'. त्याआधी जिल्ह्याला एक मोठं औषध भांडार होतं. तिथला कारभार सगळ्यांना ठाऊक होता, म्हणजे वाईट होता. औषध उशिरा यायचं, मुदत संपायच्या बेतात यायचं, खोकल्याचं मागवलं तर खरजेचं यायचं. पण यायचं. शिवाय शिव्या घालायला एक पत्ता होता. आता भांडार बंद करून त्या इमारतीत विकेंद्रीकरण प्रशिक्षण केंद्र काढण्यात आलं. जिल्हाभरातले अधिकारी तिथे एका जागी जमत आणि एका जागी काहीही जमवू नये हे शिकून परत जात.

गावोगाव आली ती पेटी. कपाटाएवढी, करडी, डोक्यावर सौर पत्रा, पोटात फ्रीज. माणसाला औषध हवं असेल तर त्याने पेटीसमोर उभं राहायचं. ती डोळ्यांतल्या बुबुळावरून त्याला ओळखणार आणि मागणी नोंदवणार. गावाला पुढे काय लागेल याचं भाकीत तीच करणार, ते ड्रोनने मागवणार आणि नर्सबाईंच्या हाती देणार. मध्ये साहेब नाही, कारकून नाही, टेबल नाही. लोकांना हे इतकं आवडलं, की आधीच्या वर्षी चाचणीतल्या प्रत्येक गावाने सलाईनच मागितलं. आपल्याकडे अंगात कसर असली तरी सलाईन, पाहुणा आला तरी सलाईन. गोदामं सलाईनने तुडुंब भरली. मग तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने पेटीच्या डोक्यात एक शहाणपण घातलं. गाव काही नवं मागू लागलं तर लगेच विश्वास ठेवायचा नाही. एक ऋतू पाहायचं. महाराष्ट्रात ऋतू तीन, म्हणजे ऋतू चार महिन्यांचा. चार महिने मागणी टिकली तर ती खरी. मग पुढच्या चार महिन्यांचं औषध एकदम पाठवायचं. आणि ऋतूभर मागणी दिसली नाही तर विसरून जायचं.

नियम शहाणा होता. कुठलीही विधवा, कुठलाही म्हातारा, कुठलंही पोर डोळ्यांपुढे न आणता केलेला नियम शहाणाच असतो.

बोरखेडीच्या ग्राम औषध समितीचा अध्यक्ष होता अंगद गव्हाणे. हा भला माणूस होता, आणि भल्या माणसाला अध्यक्ष करण्यात गावाची सोय असते. शेत, दोन म्हशी, बायको कांता आणि त्या वेळी घरी असलेली आई, शेवंताबाई. 'त्या वेळी' म्हणायचं कारण असं, की आई वर्षभर त्याच्याकडे नसायची. अंगदचे वडील गेले तेव्हा तिन्ही भावांनी घर वाटलं, रान वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं आणि त्याच बैठकीत आईही वाटली. पाडव्यापासून आषाढापर्यंत बारी अंगदची. श्रावणापासून कार्तिकापर्यंत मधल्या नवनाथची. तो एसटीत कंडक्टर, घर तांबवाडीला. मार्गशीर्षापासून पाडव्यापर्यंत धाकट्या वैजनाथची. तो कौडगावात घरजावई. तीन भाऊ, तीन ऋतू, चार-चार महिने. म्हणजे शासनाच्या तज्ज्ञांनी आणि गव्हाणे भावांनी एकमेकांना न विचारता तेच गणित केलं होतं.

चौथी होती द्वारका, तिघांची बहीण. ती जवळच्याच गावात दिलेली. तिची बारी नव्हती. लेकीच्या घरी आई राहत नाही, हे वाटणीतही कुणाला बोलून दाखवावं लागलं नाही. ती घरचं दही लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, आई ज्या गावात असेल त्या गावात नेऊन द्यायची. दह्याचं कारण होतं. शेवंताबाईंना चावता येत नव्हतं.

दात होते. दात उत्तम होते. आजार स्नायूंचा होता, आणि त्याचं नाव इतकं लांब होतं, की अंगदने ते कधी पुरतं ऐकून घेतलं नाही. माणसाला पापणी उचलायची असते तेव्हा मेंदू हुकूम सोडतो. तो हुकूम मज्जातंतूतून थेट स्नायूच्या दारापर्यंत जातो. तिथे तो घ्यायला शरीराने माणसं ठेवलेली असतात. या आजारात शरीर आपल्याच त्या माणसांना शत्रू समजून मारून टाकतं. हुकूम निघतो, वेळेवर पोचतो आणि दारात पडून राहतो. सकाळी थोडं चालतं, दुपारनंतर पापण्या पडतात, मग जबडा थकतो, मग जीभ जड होते. हा आजार ज्याला सरकारी खात्याचा अनुभव आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

त्यावर आता नामी इंजेक्शन निघालं होतं. आठवड्याला एक, फ्रीजमधलं. ते शरीराला आपल्याच माणसांना मारण्यापासून आवरायचं. जिल्ह्याच्या भांडारातून ते यायचं तेव्हा शेवंताबाई ज्वारीची भाकरी चावून खायच्या आणि सुनांच्या चुका लांबून पाहायच्या. इंजेक्शन नसेल तेव्हा जुन्या गोळ्या होत्या. गोळ्यांवर श्वास चालायचा, पापण्या चालत नसत. डॉक्टरांनी अंगदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गोळ्यांवर फार काळ भागवू नका. आज हुकूम पापणीला पोचत नाही, उद्या छातीला पोचणार नाही.

फीत कापल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगद आईला पेटीपुढे घेऊन गेला.

"कृपया डोळे उघडा," पेटी म्हणाली.

अंगदने दोन बोटांनी आईच्या पापण्या वर धरल्या.

"कृपया डोळे नैसर्गिकरीत्या उघडा."

"नैसर्गिक उघडले असते," शेवंताबाई नाकातल्या आवाजात म्हणाल्या, "तर तुझ्या दारात कशाला आले असते, बाई?"

बऱ्याच खटपटीनंतर अध्यक्षाच्या बुबुळावर आईची मागणी नोंदवता येते असं निघालं. अंगद दर आठवड्याला स्वतःचे डोळे दाखवून आईची मागणी नोंदवू लागला. चैत्र गेला, वैशाख गेला. पेटी दर वेळी धन्यवाद म्हणायची. दुसरा मार्ग नव्हता असं नाही. तो शोधून झाला होता. औषधाच्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकासाठी फ्रीज अडवायला नकार दिला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात विचारलं तर तिथेही आता वॉर्डावॉर्डात पेट्या होत्या, आणि तिथल्या लोकांनी आस्थेने विचारलं, की तुमच्या गावची पेटी काय म्हणते?

आषाढ सरत आला तेव्हा पेटीचा शेवंताबाईंवर विश्वास बसला. ड्रोन आलं. इंजेक्शन टोचलं, दुसरंही टोचलं, आणि एका सकाळी शेवंताबाईंनी डोळे उघडून समोर पाहिलं.

"अंगद," त्या म्हणाल्या, "म्हातारा झालास की रे. कधी झालास?"

मागे कांता त्यांच्या लुगड्यांची घडी घालून पिशवीत भरत होती. श्रावण लागला होता. नवनाथ जीप घेऊन यायचा होता.

अंगदने नवनाथला फोन करून सांगितलं, की आत्ता कुठे औषध सुरू झालंय, थोडे दिवस थांब. नवनाथ म्हणाला, बारी म्हणजे बारी. लोक म्हणतील नवनाथने आई टाळली. अंगद म्हणाला, लोकांचं राहू दे. नवनाथ म्हणाला, तुझं ठीक आहे दादा, तू अध्यक्ष आहेस, मला लोकांत राहायचंय.

शेवंताबाई तांबवाडीला गेल्या. तांबवाडीच्या पेटीने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ती ऋतूभर पाहायला बसली. आणि इकडे बोरखेडीच्या फ्रीजमध्ये दर आठवड्याला एक याप्रमाणे चार महिन्यांची इंजेक्शनं पडून राहिली. गावात हा आजार दुसऱ्या कुणाला नव्हता. द्वारका दही घेऊन तांबवाडीला गेली ती परत येताना अंगदकडे उतरली आणि म्हणाली, "दादा, मायला आता दहीसुद्धा गिळायला वेळ लागतोय. तुझ्याकडे औषध पडलंय म्हणतात."

पडलं होतं. पण औषध गावाची मालमत्ता होती, आणि मालमत्ता गावाबाहेर जाऊ नये म्हणून कुपीच्या झाकणावर एक निळा ठिपका होता. गावाची हद्द सुटली की तो तांबडा होई. अंगद समितीचा अध्यक्ष. हा नियम त्यानेच ग्रामसभेत वाचून दाखवला होता. त्याने एक कुपी थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवली, डबा मांडीवर घेतला आणि एसटीने तांबवाडीला गेला. बर्फ टिकला. ठिपका टिकला नाही.

तांबवाडीच्या पांचाळ सिस्टरनी कुपी उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"सिस्टर, औषध तेच, माय तीच, रोग तोच," अंगद म्हणाला.

"आणि नोकरी माझी," सिस्टर म्हणाल्या. मग थोडं विरघळून म्हणाल्या, "ठिपका निळा असता ना भाऊ, तर डोळे झाकून टोचलं असतं."

"डोळे मी झाकलेत," बाकावरून शेवंताबाई म्हणाल्या. "तू टोच."

सिस्टर हसल्या, डोळे पुसले, पण टोचलं नाही. अंगद कुपी परत घेऊन आला. बोरखेडीच्या पेटीनेही ती घेतली नाही. एक नासाडी म्हणून नोंदवली. कार्तिकापर्यंत सगळ्याच कुप्या नासाडीत गेल्या आणि पेटीवरचा हिरवा तारा विझला. शून्य नासाडीचा हा तारा पंचक्रोशीत फक्त बोरखेडीकडे होता. समितीच्या बैठकीत कुणी अंगदला काही बोललं नाही. फक्त चहा आला तेव्हा त्याच्यापर्यंत यायला उशीर लागला.

कार्तिक संपता संपता तांबवाडीच्या पेटीचा विश्वास बसला. शेवंताबाईंनी डोळे उघडले, नवनाथच्या नव्या फरशीचं कौतुक केलं, आणि दोन-चार दिवसांत वैजनाथची जीप दारात उभी राहिली. मार्गशीर्ष ते फाल्गुन कौडगावातही तेच. एका वर्षात तिन्ही लेकरांना आई डोळे उघडून पाहायची ती निघायच्या वेळी. निरोप तेवढा चांगला व्हायचा.

अंगदने तक्रार केली, तेव्हा पेट्यांचं काम पाहणाऱ्या मालपाणी मॅडम स्वतः आल्या. तरुण, हुशार आणि मनापासून मदत करू पाहणाऱ्या. म्हणजे परिस्थिती किती वाईट आहे हे त्यांच्याकडून नीट समजलं. पंचायतीत बसून त्यांनी समजावून सांगितलं.

"काका, तिन्ही गावं पूर्वी जिल्ह्याच्याच पोटात होती. तुमच्या आई फिरतात हे जिल्ह्याला कळतच नव्हतं. त्याच्या दृष्टीने एक रोगी, वर्षभर, कायम. आता गावागावाचा हिशोब वेगळा. एका गावात असा रोगी एकच. त्या आल्या की शून्याचा एक होतो, गेल्या की एकाचा शून्य. एवढा मोठा चढउतार पेटीला खोटाच वाटतो. मग ती थांबते, बघते, आणि तिची खात्री पटते तोवर त्या पुढच्या गावी."

मग त्यांना झोपाळ्याचं उदाहरण सुचलं. झोपाळा पुढे जाताना धक्का दिला तर उंच जातो. मागे येताना दिला तर थांबतो. तुम्ही आणि पेटी एकाच तालात आहात, फक्त उलटे. पेटीत दोष नाही.

"दोष कुणाचा मग?"

"बारीचा," मॅडम म्हणाल्या. "आईंना एका जागी स्थिर करा."

अंगद म्हणाला, तुम्ही चार महिन्यांचे चार आठवडे करा. मॅडम म्हणाल्या, तो अधिकार आता वर कुणालाच नाही, म्हणून तर ही योजना आहे. तिन्ही ग्रामसभांनी एकाच शब्दांत ठराव केला तर पेट्या ऐकतील. अंगदने तेही केलं. बोरखेडी म्हणाली, आधी तांबवाडीने करावा. तांबवाडी म्हणाली, आधी कौडगावने करावा. कौडगावात प्रश्न निघाला, की घरजावयाची आई ही गावची रहिवासी धरावी का. तो विषय पुढच्या सभेवर गेला, आणि पुढच्या सभेला गणसंख्या झाली नाही. गावाचा कारभार गावाच्या हातात आला होता. हात खिशात होते.

दुसऱ्या वर्षीच्या पाडव्याला वैजनाथ आईला बोरखेडीत घेऊन आला, तेव्हा अंगदने नवनाथलाही बोलावून घेतलं होतं. द्वारका दह्याचा डबा घेऊन आली होती. अंगदने कांताशी आधी बोलून ठेवलं होतं, आणि कांता म्हणाली होती, की आत्याबाईंचं करायला ना नाही, फक्त दोघी जावांनी उद्या नाक वर करून बोलू नये. म्हणून अंगदने साधंच सांगितलं, की माय आता कायम माझ्याकडे राहील. ऋतूभर कसंबसं काढू, मग औषध कधी तुटणार नाही.

त्याला वाटलं होतं, भावांना सुटल्यासारखं वाटेल. पण वर्षानुवर्षं जे चार महिने नवनाथला जड जायचे, ते काढून घेतात म्हटल्यावर त्याला एकदम हलके वाटू लागले. माय काय तुझ्या एकट्याची आहे का, असं तो म्हणाला. वैजनाथ म्हणाला, मी आधीच बायकोच्या गावात राहतो. आता आईही ठेवत नाही म्हटल्यावर मी त्या गावात कुठल्या तोंडाने फिरू? अंगद म्हणाला, अरे, तिचा जीव जातोय. नवनाथ म्हणाला, आमच्याकडे राहून जातोय असं म्हणायचंय का तुला? यानंतर रानाच्या बांधापर्यंत सगळे जुने विषय निघाले.

द्वारका तेवढ्यात म्हणाली, की माझ्याकडे राहू दे. कुणालाच नको असेल तर, किंवा सगळ्यांनाच हवी असेल तर.

उत्तर शेवंताबाईंनीच दिलं. कौडगावच्या दोनच इंजेक्शनांचा असर प्रवासात ओसरला होता; जीभ जड होती, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "तीन लेक असताना लेकीच्या दारात मरू का? तुझ्या सासरचे काय म्हणतील, आणि यांना काय म्हणतील."

द्वारकेने दह्यात भात कालवायला घेतला.

शेवटी तोडगा वैजनाथने काढला. चार महिन्यांवरूनच भांडण होतं ना. मग बारी महिन्याची करू. महिना तुझा, महिना याचा, महिना माझा. सगळ्यांना सारखं. एका गावात औषध नसेल तर दुसऱ्यात असेल, कुठे ना कुठे गाठ पडेल. नवनाथला हे न्याय्य वाटलं. अंगदला त्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण नेमकं काय ते सांगता येईना. आणि तिघे भाऊ कित्येक वर्षांनी एका पंगतीला जेवायला बसले होते. कांता पुरणपोळी वाढत होती. शेवंताबाईंना विचारलं तर त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "तिघं एकत्र जेवताय ना? मग होऊ द्या तसंच."

आपल्याकडे वाटणी सारखी झाली की सगळ्यांना न्याय झाल्यासारखं वाटतं. वस्तू वाटण्याजोगी आहे का, हे आपण सहसा विचारत नाही.

महिन्याच्या बारीच्या दोन फेऱ्या झाल्या, आश्विनात आई पुन्हा अंगदकडे आली, तरी एकाही गावात ड्रोन आलं नाही. अंगदने पेटीला कारण विचारलं. पेटी कधीच काही लपवत नसे.

"शेवंताबाई गव्हाणे," ती म्हणाली. "या गावातील सरासरी उपस्थिती एक तृतीयांश. अपूर्णांक रोगी नियमानुसार खाली मोजला जातो. या गावातील शेवंताबाई, शून्य. धन्यवाद."

त्याने तांबवाडीला फोन लावला, कौडगावला लावला. तिथेही एक तृतीयांश, तिथेही शून्य. अंगद ओट्यावर बसून हिशोब करू लागला. शाळेत त्याला एक तृतीयांश अधिक एक तृतीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर एक, असं शिकवलं होतं. शासनाच्या हिशोबाने ते शून्य येत होतं. बेरीज जिल्ह्याला येत होती, जिल्हा नव्हता.

मालपाणी मॅडमना त्याने पुन्हा फोन केला. त्या म्हणाल्या, की काका, गोळ्या चालू ठेवा, आणि ठराव घ्या. अपूर्णांक वर मोजावा, असा.

त्या महिन्याच्या शेवटी नवनाथ आईला न्यायला आला, तेव्हा अंगद दारात उभा राहिला आणि म्हणाला, माय जाणार नाही. नवनाथ चिडला नाही; त्याचा चेहरा पडला. त्याने हळूच सांगितलं, की मायसाठी नवा पलंग केलाय, पाठ टेकायची सोय करून. सगळी गल्ली बघून गेली. आता रिकामी जीप घेऊन गेलो तर काय सांगू, भावाने दिली नाही म्हणून?

अंगदला त्याच्याशी भांडता आलं असतं, नवनाथ भांडला असता तर. अंगद काही बोलणार तोच आतून चपलांचा आवाज आला. शेवंताबाई भिंत चाचपत बाहेर आल्या होत्या. चप्पल एकाच पायात होती. दुसरी त्या पायाने शोधत होत्या.

"भांडू नका," त्या म्हणाल्या. "मी निघालेच."

अंगदने वाकून दुसरी चप्पल त्यांच्या पायात सरकवली. बस, एवढंच केलं त्याने.

पण मनात ठरवलं, की पुढच्या खेपेला सोडायचं नाही. कोण काय म्हणतं ते म्हणू दे. त्याने कांताला सांगितलं, पडवीतली पोती हलवली, तिथे ऊन येईल अशी खिडकी पाडली. समितीचं अध्यक्षपद सोडलं. गावाने ते आनंदाने सोडू दिलं. आणि महिने मोजत तो वाट बघत बसला.

मार्गशीर्ष सरताना वैजनाथ आईला घेऊन कौडगावहून निघाला. थंडी होती, म्हणून त्याने तिला शालीत गुंडाळून मागच्या सीटवर नीट बसवलं, काचा लावून घेतल्या. घाटात त्याने दोनदा वळून पाहिलं. माय झोपली होती. डोळे तर तिचे नेहमीच मिटलेले असायचे. बोरखेडीच्या पडवीपुढे जीप थांबली तेव्हा अंगदने दार उघडलं आणि शाल बाजूला केली. मग त्याने ती परत पांघरली आणि वैजनाथला म्हणाला, "तू आत जाऊन पाणी पी."

हुकूम छातीच्या दारात येऊन पडला असणार. घ्यायला कुणी नव्हतं.

मृत्यू नोंदवायला गेल्यावर बोरखेडीच्या पेटीने विचारलं, मृत्यू कुठल्या गावाच्या हद्दीत झाला. नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं. घाट कौडगावचा नाही, बोरखेडीचाही नाही; तो वनखात्याचा. वनखात्याकडे पेटी नव्हती. त्यामुळे शेवंताबाईंना जाळून आले, दहावं झालं, तेरावं झालं, आणि तिन्ही गावांच्या पेट्यांत त्या एक-एक तृतीयांश जिवंत राहिल्या.

मात्र लोक हळहळले. एवढ्या चांगल्या बाईच्या वाट्याला असं यावं, हे तिन्ही गावांच्या मनाला लागलं. जे वर्षभर झालं नव्हतं ते पुढच्या भाद्रपदात झालं. तिन्ही ग्रामसभा गणसंख्येसह भरल्या आणि एकाच शब्दांत ठराव झाला, की अपूर्णांक रोगी यापुढे वर मोजण्यात यावा. ठरावाला शेवंताबाईंचं नाव देण्यात आलं. मालपाणी मॅडमनी तो त्याच आठवड्यात पेट्यांत घातला, आणि पेट्या ऋतूभर पाहायला बसल्या.

वर्षश्राद्धाला तिघे भाऊ बोरखेडीत जमले. द्वारका आली होती. गुरुजी पानं मांडत होते. सरपंच ठरावाविषयी दोन शब्द बोलायला उठले आणि म्हणाले, की शेवंताबाई गेल्या नाहीत, त्या व्यवस्थेत अमर झाल्या. ते खरंच होतं. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली आणि ड्रोनने पडवीपुढच्या अंगणात थर्माकोलचा एक पांढराशुभ्र डबा अलगद ठेवला. वर चिठ्ठी: शेवंताबाई गव्हाणे, पूर्ण मात्रा, पहिली कुपी घरपोच. पाठोपाठ नवनाथचा फोन वाजला. तांबवाडीला डबा आला होता. मग वैजनाथचा, कौडगावलाही. तीन तृतीयांशांची बेरीज आता तीन येत होती. शून्य आलं, तीन आले. तेवढा एक कधी आला नाही.

अंगदने डबा उघडला. बर्फात कुपी होती, झाकणावरचा ठिपका निळा होता, निळाभोर. त्याने ती बराच वेळ तळहातावर धरली आणि मग खिडकीच्या कोनाड्यात ठेवली, त्या नव्या पाडलेल्या खिडकीच्या. नवनाथने तोंड फिरवलं. वैजनाथ खाली बसला. सरपंचांना भाषण कुठे थांबलं होतं ते आठवेना. मग अंगद म्हणाला, की एक माणूस तिघांत वाटायला निघालो तिथेच आपलं चुकलं.

द्वारका इतका वेळ खांबाशी उभी होती. तिने पुढे येऊन रिकामा डबा उचलला, आतलं पाणी तुळशीत ओतलं, झाकण घट्ट बसतं का ते लावून पाहिलं.

"दादा," ती म्हणाली, "कुणाला नको असेल तर हा मी नेऊ का? थंडीत दही लागत नाही."